अठ्ठावीस दिवसांचा महिना

आमच्या घरात सहा मोबाइल नंबर आहेत. तीन रामाकोन्यात: आजी, बाबा, आई. एक नागपुरात, धाकट्या भावाचा. दोन बंगळूरात, माझा आणि बायकोचा. गेली काही वर्षं या सहाही नंबरांचा रिचार्ज मीच करतो. सॉफ्टवेअरचं काम करणारा मुलगा घरात असला की रिचार्ज, रेल्वेचं तिकीट आणि गॅसचं बुकिंग ही खाती आपोआप त्याच्याकडे येतात. त्यासाठी मी एक एक्सेल शीट केली होती. नाव, नंबर, तारीख, रक्कम. तिचा मला अभिमानही होता.

२०२४ च्या पावसाळ्यात, पोळ्याच्या चार-पाच दिवस आधी, बाबा संध्याकाळी बगीच्यात गेले होते. विहिरीजवळच्या चिखलात पाय घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं. एका गड्याने त्यांना गाडीवर बसवून घरी आणलं. आईने मला फोन लावला. लागला नाही. भावाला लावला. लागला नाही. तिच्या फोनचा रिचार्ज त्याच दिवशी संपला होता आणि आउटगोइंग बंद झालं होतं. बाबांचा फोन चिखलात पडून बंद पडलेला. आजीच्या फोनवर नंबर शोधणं तिला जमेना, कारण आजीच्या फोनमधली नावं आजीलाच कळतात. शेवटी शेजारच्या मुलाच्या फोनवरून नागपूरला कळवलं, भाऊ गाडी घेऊन निघाला आणि रात्री बाबा नागपूरच्या दवाखान्यात पोहोचले. मला कळलं तेव्हा दहा वाजून गेले होते. दोन तास घरात फोन असून नसल्यासारखा होता.

बाबा आता बरे आहेत, काठीशिवाय चालतात. पण त्या रात्री मी शीट उघडली तेव्हा माझी चूक लगेच दिसली. आईच्या नावापुढे मी ‘दर महिन्याच्या १ तारखेला’ असं लिहिलं होतं. पॅक २८ दिवसांचा होता. म्हणजे दर महिन्याला तारीख दोन-तीन दिवस मागे सरकत होती आणि मी प्रत्येक वेळी तिचा फोन आला की ‘अरे हो’ म्हणून भरत होतो. त्या वेळी ती बोललीच नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, “तुले कायले घडीघडी त्रास द्या? दोन दिवसांनी तूच भरशीन म्हटलं.”

तेव्हापासून मी या विषयाचा जरा जास्तच अभ्यास केला. मंडळातल्या बहुतेक घरांची रचना आमच्यासारखीच आहे, आई-वडील गावी आणि मुलं तीन दिशांना, म्हणून तो इथे मांडतो आहे. दर सांगतो ते जुलै २०२४ च्या दरवाढीनंतरचे आणि २०२५ मध्ये मी पाहिलेले आहेत. भरण्याआधी एकदा ताजे पाहून घ्या.

आधी थोडं आमच्या गावाबद्दल, कारण त्याशिवाय पुढचा हिशेब कळणार नाही. रामाकोना हे सौंसर तालुक्यातलं गाव. पूर्वी जिल्हा छिंदवाडा होता, २०२३ पासून पांढुर्णा. घरात मराठी, शाळेत हिंदी, बाजार नागपूरचा, दवाखाना नागपूरचा, सोयरीक बहुतेक काटोल-सावनेरकडची. १९५६ पर्यंत नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती. मग राज्यं नव्याने आखली गेली, नागपूर तिकडे गेलं आणि आम्ही इकडे राहिलो. मोबाइल आले तेव्हा सरकारने देशाचे टेलिकॉम सर्कल पाडले आणि ते बहुतांशी राज्यांच्याच रेषेवर पाडले. महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा आलं, मध्य प्रदेश सर्कलमध्ये छत्तीसगड. म्हणजे रामाकोन्याहून जगदलपूरला फोन केला तर तो आपल्याच सर्कलमधला, आणि दोन तासांच्या अंतरावरच्या नागपूरला केला तर एसटीडी. नागपूरच्या माणसाला पणजी लोकल आणि सौंसर एसटीडी!

मी नागपुरात बीई करत होतो तेव्हा खिशात दोन सिम असायची. इतवारीहून छोट्या लाइनच्या गाडीत बसायचं, सावनेर मागे पडलं, केळोद गेलं की फोनवर नेटवर्कचं नाव बदलायचं आणि ‘मध्य प्रदेशात आपले स्वागत’ असा मेसेज यायचा. त्या मेसेजचा खरा अर्थ ‘आता रोमिंग सुरू’ असा होता. जून २०१३ पर्यंत रोमिंगमध्ये आलेला फोन उचलायलाही मिनिटाला पावणेदोन रुपयांपर्यंत लागायचे. ट्रायने १ जुलै २०१३ पासून ती मर्यादा ७५ पैशांवर आणली. तरी ऐकायचे पैसे होतेच. त्यामुळे आमच्याकडे मिस्ड कॉलची एक पूर्ण भाषा होती. एक रिंग म्हणजे पोहोचलो. दोन म्हणजे तुम्ही लावा. तीन म्हणजे गाडी चुकली. सौंसरच्या कित्येक दुकानदारांकडे दोन फोन असायचे आणि पाटीवर दोन नंबर लिहिलेले, एक इकडचा, एक तिकडचा.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं ते देशभर रोमिंग फुकट घेऊन. एअरटेलने १ एप्रिल २०१७ पासून देशांतर्गत रोमिंगचे पैसे काढून टाकले, बाकीचेही त्याच वाटेने गेले. त्याआधी, ३ जुलै २०१५ पासून, नंबर न बदलता एका सर्कलमधून दुसऱ्या सर्कलमध्ये नेता येऊ लागला होता. आमच्या पट्ट्यातल्या माणसाला या दोन-तीन वर्षांत जी मोकळीक मिळाली ती पुण्या-मुंबईच्या माणसाला पूर्ण कळणार नाही. केळोदनंतर आता फोनवर काहीच होत नाही. (गाडीही आता मोठ्या लाइनची आहे, पण तो वेगळा विषय.)

म्हणजे सर्कलचा प्रश्न संपला, असं मलाही वाटत होतं. तो पुन्हा उगवला ‘फॅमिली प्लॅन’ घ्यायला गेलो तेव्हा.

अपघातानंतर पहिला विचार हाच आला की सगळ्यांचं एकच पोस्टपेड बिल करून टाकावं. तारीख लक्षात ठेवायला नको, आईचा फोन मधेच बंद पडायला नको. माझी बहीण न्यू जर्सीत राहते, तिचाही हाच आग्रह. तिकडे सगळ्यांचंच तसं असतं. एक लाइन महाग, चार लाइन घेतल्या तर प्रत्येकी निम्म्याहून स्वस्त. व्हेरायझनने २०२३ मध्ये नवे प्लॅन आणले तेव्हा त्यातल्या साध्या प्लॅनला एका लाइनला महिन्याला ६५ डॉलर होते आणि चार लाइन घेतल्या तर प्रत्येकी ३०, वर कर. अशा हिशेबात ज्याला कुटुंब नाही तो मित्रांचं कुटुंब करतो. तिने अमेरिकेतलं पहिलं वर्ष तीन रूममेट्सच्या ‘फॅमिली’त काढलं होतं.

आपल्याकडचे फॅमिली प्लॅन बघितले. जिओचा ४४९ चा पोस्टपेड: ७५ जीबी, आणि वर तीन जणांपर्यंत जोडता येतात, प्रत्येकी १५० रुपये, प्रत्येकाबरोबर ५ जीबी. म्हणजे चौघांचे ८९९ रुपये, ९० जीबी. एअरटेलचा चौघांचा ११९९ चा, दोघांचा ६९९ चा. व्हीआयचे जवळपास तसेच, ७०१ दोघांना आणि १२०१ चौघांना. प्रत्येकात ओटीटीची वेगवेगळी पुरवणी असते. तिच्याबद्दल मी काही लिहीत नाही, कारण आमच्या घरात कोण काय बघतं यावर एकमत नाही.

इथे पहिला खड्डा आहे. प्रीपेडची जी किंमत दिसते त्यात जीएसटी धरलेला असतो. पोस्टपेडच्या किमतीत नसतो, तो बिलात १८ टक्क्यांनी वर येतो. ८९९ चे होतात १०६१. ११९९ चे होतात १४१५. ‘आमचा पोस्टपेड इतक्याला आणि तुमचा प्रीपेड इतक्याला’ अशी तुलना लग्नकार्यात ऐकू येते तेव्हा दोघंही वेगवेगळ्या भाषेत बोलत असतात.

दुसरा खड्डा दिवसांचा. २८ दिवसांच्या पॅकचा ‘महिना’ धरला तर वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज होतात. तेरावा महिना कंपनीचा. यावर इतक्या तक्रारी झाल्या की ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला, प्रत्येक कंपनीकडे निदान एक पॅक ३० दिवसांचा असावा आणि निदान एक असा की दर महिन्याच्या त्याच तारखेला पुन्हा भरता येईल. ते पॅक आहेत. पण ॲप उघडल्यावर समोर येतात ते २८ चेच. ते शोधून काढावे लागतात, आणि मी शोधले नव्हते.

म्हणून मी एकच माप धरलं: एका दिवसाचे किती पैसे पडतात. शीटमध्ये किंमत भागिले दिवस असा एक रकाना वाढवला आणि चित्रच बदललं. जिओचा २९९ चा, रोज दीड जीबी, २८ दिवस: दिवसाला १० रुपये ६८ पैसे. तोच दीड जीबी ८४ दिवसांसाठी ७९९ ला: ९ रुपये ५१ पैसे. वर्षाचा ३५९९ चा, रोज अडीच जीबी: ९ रुपये ८६ पैसे. आता गंमत बघा. फक्त बोलण्याचे, नेट नसलेले दोन पॅक आहेत. जिओचा १७४८ ला, एअरटेलचा १८४९ ला. कोणीही म्हणेल पहिला शंभर रुपयांनी स्वस्त. पण पहिला ३३६ दिवसांचा आहे आणि दुसरा पूर्ण ३६५. दिवसाचे काढले तर पहिला ५ रुपये २० पैसे आणि दुसरा ५ रुपये ७ पैसे. तेरा पैशांसाठी कोणी घर बदलणार नाही, तसं करूही नये, पण ‘स्वस्त’ दिसणारा स्वस्त नाही हे कळलं तरी पुरे.

हे फक्त बोलण्याचे पॅक परत कसे आले ते सांगण्यासारखं आहे. २००६ च्या सुमारास ९९९ रुपयांत ‘लाइफटाइम’ सिम मिळायचं, बाबांनी तेव्हा मोठ्या कौतुकाने घेतलं होतं. इनकमिंग आजन्म फुकट. २०१८ च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी ते आजन्म संपवलं आणि २८ दिवसांसाठी किमान ३५ रुपये भरा, नाहीतर सेवा बंद, असा नियम आणला. त्या पस्तिसाचं पुढे काय झालं ते एअरटेलच्या सर्वांत खालच्या पॅकवरून दिसतं: नोव्हेंबर २०२१ मध्ये ९९, २०२३ मध्ये १५५ आणि तेही २४ दिवस, जुलै २०२४ नंतर १९९. आजीसारख्या माणसाला, जिच्या फोनला पडदाच बोटभर आहे, नेटसह पॅक घ्यावा लागत होता. २३ डिसेंबर २०२४ ला ट्रायने नियम बदलला. ज्यांना नेट नको त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचा वेगळा पॅक द्यायलाच हवा, आणि अशा खास पॅकची मुदत ९० ऐवजी ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येईल. महिनाभरात, जानेवारी २०२५ मध्ये, हे पॅक बाजारात आले. पहिल्या दिवसांतल्या किमती आणखी चढ्या होत्या, त्या लगोलग खाली आणल्या गेल्या.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा आजीला सांगितलं की तुझ्या फोनचे आता एकदम वर्षाचे पैसे भरतो. ती शहाऐंशी वर्षांची आहे. तिने सुपारी कातरता कातरता विचारलं, “पुऱ्या वर्साचे? अन् मी मधातच गेली तं? कंपनी पैसे वापस करते का?”

सगळे हसले, बाबा हसले नाहीत. नंतर ओसरीवर मला हळूच म्हणाले, चौऱ्याऐंशी दिवसांचाच कर. मला आधी वाटलं ते पैशांचं बोलताहेत. ८४ दिवसांचा एअरटेलचा ४६९ चा आहे, दिवसाला ५ रुपये ५८ पैसे पडतात, म्हणजे वर्षाला दोनशेच्या आत फरक. मी तो आकडा त्यांना सांगितलाही. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने आपणच उठून गेले आणि आजीच्या फोनवर वर्षाचाच भरून आले, चौकातल्या दुकानातून, रोख देऊन.

त्या दुकानाचं नंतर सांगतो. आधी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी शीटमध्ये मावत नाही. रेंज.

मी तीन कंपन्यांची तीन सिमं घेऊन बगीच्यात फिरलो. भावाने व्हिडिओ काढला, आमची बरीच करमणूक झाली. पण काम गंभीर होतं. फोनवरच्या दांड्या बघू नका, त्या प्रत्येक फोनच्या मर्जीप्रमाणे असतात. सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’मध्ये सिमच्या माहितीत सिग्नलचा खरा आकडा डीबीएममध्ये दिसतो. तो उणे असतो. उणे ८५ म्हणजे उत्तम, उणे १०५ ला काम चालतं, उणे ११५ च्या खाली गेलं की फोन लागेल की नाही हे दैवावर. आमच्या ओसरीत तिन्ही बरे होते. स्वयंपाकघरात, जिथे आईचा दिवस जातो, एक पडला. विहिरीजवळ फक्त एकच उभा राहिला. कोणता पडला आणि कोणता टिकला हे मी लिहीत नाही, कारण पुढच्या गावात ते नेमकं उलट असू शकतं आणि तुम्ही माझ्या विहिरीवरून तुमचं सिम घ्याल. १ एप्रिल २०२५ पासून कंपन्यांना आपापल्या साइटवर कव्हरेजचा नकाशा ठेवणं बंधनकारक आहे, तो पाहा जरूर. पण नकाशात गाव रंगवलेलं असतं, जाड भिंतीचं स्वयंपाकघर नाही.

आणि बीएसएनएल? दर वाढले तेव्हा जुलै २०२४ मध्ये पुष्कळ लोक तिकडे गेले, आमच्या ओळखीतलेही. स्वस्त आहे यात वाद नाही. देशी बनावटीचं ४जी लावायला उशीर झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये सत्त्याण्णव हजारांवर टॉवरचं उद्घाटन झालं. तिथेही एक लक्षात ठेवा, किंमत तीच ठेवून दिवस कमी करणं हा तिथल्या दरवाढीचा प्रकार आहे. दिवसाच्या पैशांचा रकाना तिथेही लागू पडतो.

तर मग फॅमिली प्लॅन का घेतला नाही? खरं सांगायचं तर कागदावर तो जिंकत होता. आई, भाऊ, मी आणि बायको यांना जिओच्या चौघांच्या प्लॅनमध्ये बसवलं, आजी-बाबांना वेगळे वार्षिक पॅक दिले, तर वर्षाचे सुमारे १६,८०० रुपये होत होते. शीटमध्ये याहून कमी आकडा निघाला नाही. मी जवळजवळ ठरवलंच होतं. दुकानात गेलो, काउंटरवरच्या मुलाने पहिला प्रश्न विचारला, “सर, सगळे नंबर एकाच सर्कलचे आहेत ना?” माझा कर्नाटकचा, भावाचा आणि बायकोचा महाराष्ट्राचा, आईचा मध्य प्रदेशचा. तो आधी हसला, मग म्हणाला, एका सर्कलमध्ये आणून घ्या, मग बघू. केळोदला संपलेली रेषा काउंटरवर परत निघाली. तुम्ही फॅमिली प्लॅन घेणार असाल तर बाकी काही विचारण्याआधी हे विचारा.

नंबर एका सर्कलमध्ये आणता येतात, अशक्य काही नाही. १९०० या नंबरवर ‘पोर्ट’ लिहून पुढे आपला नंबर असा एसएमएस केला की एक कोड येतो, तो चार दिवस चालतो, पोर्टची फी सात रुपयांच्या आत आहे. सर्कलच्या आत तीन कामाचे दिवस, सर्कल बदलून पाच. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, पोस्टपेडचं बिल थकलेलं नको, आणि १ जुलै २०२४ पासून सिम बदलून सात दिवस झाल्याशिवाय पोर्ट होत नाही. पण दुकानातून घरी येईपर्यंत माझं मन बदललं होतं. कारण सर्कल नव्हतं. चौघांचं एक बिल म्हणजे चौघांची एकच कळ. माझं कार्ड बदललं, ऑटोपे अडकलं, मी परदेशी गेलो आणि लक्षात राहिलं नाही, तर एकाच दिवशी चार फोन बंद. ज्या चुकीसाठी हा खटाटोप सुरू केला ती मी चौपट करून ठेवणार होतो. शिवाय सगळ्यांना एकाच कंपनीत आणणं म्हणजे पावसात एक टॉवर गेला की सगळे मुके. एका छपराखाली राहणारं कुटुंब असेल, नवरा-बायको आणि कॉलेजात जाणारी दोन मुलं, तर फॅमिली प्लॅन जरूर घ्यावा. आमचं छप्पर तीन राज्यांवर आहे.

शेवटी जे केलं ते असं. आजीला १८४९ चा फक्त बोलण्याचा, वर्षभराचा. बाबांना २२४९ चा, वर्षाचे मिळून ३० जीबी. त्यांना व्हॉट्सॲप, संत्र्याचे भाव आणि पैसे पाठवण्यापुरतंच नेट लागतं. आईला पूर्ण वर्षाचा ३५९९ चा, रोजच्या भरपूर नेटचा, आणि तोही बाबांच्या कंपनीचा नाही, दुसऱ्या कंपनीचा, स्वयंपाकघरात उणे ९० दाखवणारा. बाकी आम्हा तिघांना ८४ दिवसांचे ७९९ चे. एकूण वर्षाचे सुमारे १८,१०० रुपये. आधीसारखे सहाही जण २९९ च्या पॅकवर ठेवले असते तर तेरा वेळचे २३,३२२ झाले असते. दरवाढीच्या आधी, २३९ असताना, १८,६४२ होत होते. म्हणजे पाच हजार वाचले म्हणायचं की होतो तिथेच परत आलो म्हणायचं, हे तुमच्या स्वभावावर आहे.

आईच्या नेटबद्दल कबुली द्यायला हवी. मी धरून चाललो होतो की घरात सर्वांत कमी नेट तिला लागतं. सेटिंगमध्ये पाहिलं तर तिचं महिन्याचं ४० जीबीच्या वर होतं, माझं ६. कीर्तनं, दोन बहिणींबरोबर रोजचे व्हिडिओ कॉल, माझ्या मुलीला झोपवताना इकडून बंगळूरला म्हटलेल्या गोष्टी. मी दिवसभर वायफायवर, ती दिवसभर सिमवर. प्लॅन निवडण्याआधी प्रत्येकाच्या फोनमधला हा आकडा बघा. अंदाज माझ्यासारखे साफ चुकतात.

बहिणीचा एक भारतीय नंबर आहे, बँकेच्या ओटीपीसाठी जिवंत ठेवलेला. परदेशातल्या मंडळींच्या घरी असा एखादा नंबर असतोच. तो आम्ही आता फक्त बोलण्याच्या वर्षाच्या पॅकवर टाकला आहे, खर्च तिचा, म्हणून वरच्या हिशेबात नाही. २० रुपये शिल्लक ठेवले की नंबर रद्द होत नाही, असा एक निरोप फिरत असतो. त्यात अर्धं तथ्य आहे. ९० दिवस वापर नसला आणि शिल्लक २० रुपयांच्या वर असली तर नंबर लगेच काढून घेत नाहीत, तीस-तीस दिवसांसाठी २० रुपये कापत ठेवतात. पण नंबर आपल्या नावावर राहणं वेगळं आणि त्यावर फोन-मेसेज येत राहणं वेगळं. ओटीपीसाठी ठेवलेल्या नंबरावर हा जुगार खेळू नका.

आता दुकान. रामाकोन्याच्या चौकात बाबांच्या ओळखीचं एक मोबाइलचं दुकान आहे. रिचार्ज, झेरॉक्स, फोनची काच. मी सगळे रिचार्ज ॲपवरून करायला लागलो तेव्हा त्याला आपण काही नवीन करतो आहोत असंच वाटलं होतं. अपघातानंतर पाय प्लास्टरमध्ये असताना बाबा एकदा चिडून म्हणाले, “माह्या फोनचे पैसे मी भरीन. तू तिकून भरतं अन् मले मालूमच नाही राहत का कधी संपते.” बोलणं पैशांचं नव्हतं. दर महिन्याला तिथे जाऊन बसणं, चहा, पेपर, कोणाच्या बगीच्याचा सौदा कितीला झाला हे ऐकणं, असं सगळं त्या रिचार्जला चिकटलेलं होतं, आणि मी ते एका क्लिकने संपवलं होतं. त्यात तारखाही गेल्या. घरात कोणालाच माहीत नव्हतं कोणाचा फोन कधी बंद होणार, कारण ते बंगळूरच्या एका शीटमध्ये लिहिलं होतं.

म्हणून गावचे तिन्ही रिचार्ज आता बाबाच करतात, दुकानातून. मी ठरलेला पॅक फक्त सांगतो. शीट अजून आहे, पण आईच्या चुलीमागच्या भिंतीवर कालनिर्णय लटकतं, त्यात बाबांनी लाल पेनाने तीन तारखांना गोल केले आहेत. आईच्या तारखेच्या दोन दिवस आधी आणखी एक गोल आहे. तो कशाचा म्हणून विचारलं तर म्हणाले, त्या दिवशी मी विचारायले जातो. पॅक वर्षाचा आहे, अजून सात महिने बाकी आहेत. तरी ते दर महिन्याला एकदा जाऊन विचारून येतात, दुकानदार कॉम्प्युटरवर बघून तारीख सांगतो, आणि चहा होतो.